यवतमाळचा 'हमुराबी' कोण लिहिणार?

टॅप केलं की पीक तयार! असले शेतीचे मोबाइल गेम आपण सगळ्यांनीच खेळलेत. मला मात्र डग डायमेंटने १९६८ साली लिहिलेला, पुढे 'हमुराबी' नावाने गाजलेला छोटासा गेम जास्त खरा वाटतो. चित्रं नाहीत, नुसते आकडे. धान्य किती पेरायचं, लोकांना किती द्यायचं, जमीन घ्यायची की विकायची, हे तुम्ही ठरवायचं. पीक किती येणार, उंदीर किती खाणार, ते रँडम.

बीसीएवाल्यांनो, पायथॉनच्या शे-दीडशे ओळींत आपल्या यवतमाळचा असा गेम होतो. कोरडवाहू कापूस, दुबार पेरणी, बोंडअळी, सावकाराचं व्याज, सगळं टाका. फक्त अचूक खेळणाऱ्यालाही कधीकधी हरू द्या. नाहीतर नापिकी म्हणजे शेतकऱ्याचीच चूक, असं आपलाच गेम शिकवेल.