मोहाला दारू आणि गोंडीला बोली म्हणणारी शाळा

१/ नागपूर शहर देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाहने वसवले, हे येथील बहुतेकांना ठाऊक असते. त्या राजाच्या समाजाची भाषा कशी लिहितात आणि त्या समाजाच्या घरात चैत्रात काय शिजते, असे विचारले तर मात्र ठरावीक दोन उत्तरे येतात : गोंडी ही ‘बोली’ आहे, तिला लिपी नाही, आणि मोह म्हणजे दारू. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. ती कोठून आली आणि गोंड मुलांच्या शिक्षणाला ती कशी बाधतात, हे या धाग्यात पाहू.

२/ प्रथम भाषा. गोंडी ही मराठीची किंवा हिंदीची बोली नाही. ती द्राविडी कुळातील स्वतंत्र भाषा आहे. रॉबर्ट काल्डवेल यांनी १८५६ मध्ये द्राविडी भाषांचे तौलनिक व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हाच त्यांनी तिला या कुळात स्थान दिले होते. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या २९ लाखांहून अधिक नोंदली गेली. तरीही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत ती नाही.

३/ आता लेखन. नागपुरात राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी प्रधान गायकाकडून लिंगोचे गीत लिहून घेतले. १८६३ मध्ये त्यांचा बुडून मृत्यू झाला. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात गोंडी शब्द रोमन लिपीत आणि त्यांचा अर्थ इंग्रजीत आहे. हा ठेवा अमोल आहे, यात शंका नाही. पण तो कोणासाठी छापला गेला? प्रशासक आणि अभ्यासक यांच्यासाठी. ज्या मुलांच्या आजोबांनी ते गीत गायले, त्यांच्या हाती ते पडण्याची सोय त्यात नव्हती.

४/ पुढचे पाऊल समाजातूनच पडले. बालाघाटचे मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली. तेलंगणातील आदिलाबाद भागातल्या गुंजाळा गावी जुन्या गोंडी हस्तलिखितांतून आणखी एक, निराळी लिपी उजेडात आली. युनिकोडमध्ये मसराम लिपीला २०१७ साली आणि गुंजाळा लिपीला २०१८ साली स्थान मिळाले. म्हणजे जिला ‘लिपी नाही’ असे सांगितले जाते, तिला आज दोन लिप्या आहेत. देवनागरी आणि तेलुगू लिपीतही ती लिहिली जाते.

५/ मुलांसाठी गोंडी लिहिण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग आपल्या सीमेपलीकडेच झाला. १९४० मध्ये कुमरम भीम यांच्या लढ्याचा रक्तरंजित शेवट झाल्यावर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ यांच्याकडे आदिलाबादच्या गोंडांचा अभ्यास सोपवला. १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षक घडवण्याचे केंद्र सुरू झाले. तेथील गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत होती. पुढे राज्य बदलले, तेलुगू माध्यम आले आणि ती पुस्तके मागे पडली. लिपी होती, शिक्षक होते, मुलेही होती. शासनाची इच्छा तेवढी टिकली नाही.

६/ आता मोह. पहाटे झाडाखाली पडलेली फुले वेचायची, उन्हात वाळवायची आणि वर्षभर पुरवायची, हे पूर्व विदर्भातील हजारो घरांचे चैत्रातले काम. ती फुले भाजून, कुटून त्यांचे लाडू होतात. पिठात मिसळून भाकरी होते. चिंचोक्यांबरोबर ती शिजवलीही जातात. बियांचे तेल स्वयंपाकात चालते. दारू हा या फुलाचा एक उपयोग आहे. पण जुन्या काळी धान्याचा कणगा रिता झाला की घर तगायचे ते याच वाळवलेल्या फुलांवर.

७/ मग ‘मोह म्हणजे दारू’ हे समीकरण आले कोठून? बऱ्याच अंशी अबकारी खात्यातून. मुंबई इलाख्यात १८९२ मध्ये मोहफुलांसाठी खास कायदा झाला. फुले बाळगण्यावर बंधने आली, कारण घरगुती दारूमुळे सरकारी महसूल बुडत होता. स्वातंत्र्यानंतर दारूबंदीच्या कायद्याने हीच दृष्टी पुढे चालवली. महाराष्ट्रात हे निर्बंध २०२१ मध्ये शिथिल झाले. एवढा दीर्घ काळ एक अन्न कायद्याच्या लेखी संशयित होते. महसुलाच्या वहीतला हा शब्द पुढे सर्वांच्या तोंडी बसला.

८/ या दोन गोष्टी मी एकत्र का ठेवतो? कारण शाळेत त्या एकत्रच येतात. सहा वर्षांचे मूल वर्गात येते, तेव्हा ते रिकामे नसते. पावसाळ्यात कोणते वास्ते कोवळे, कोणती सात्या खावी आणि कोणतीला हात लावू नये, चार कधी पिकते, हे त्याला ठाऊक असते. हे ज्ञान गोंडी शब्दांत साठलेले असते. शाळा त्याला सांगते की तुझे शब्द अशुद्ध आणि तुझे खाणे मागासलेले. मग मूल गप्प होते आणि आपण त्या गप्प राहण्याला ‘अभ्यासात कच्चे’ म्हणतो.

९/ अन्नाबरोबर मर्यादाही शिकवली जाते. गोंड समाजात नवे फळ, नवे धान्य आधी पेनांना, म्हणजे देवांना, अर्पण करून मग खायचे असते. आंब्याला गोंडीत मरका म्हणतात आणि या सणांना पंडुम. सण होईपर्यंत झाडाला हात लावायचा नाही, या नियमाने फळ पिकण्यास अवधी मिळतो. पर्यावरणाच्या धड्यात आपण ‘शाश्वत वापर’ ही संज्ञा पाठ करून घेतो. पंडुमचे नाव मात्र त्या धड्यात येत नाही.

१०/ जगाच्या दुसऱ्या टोकाला, अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावर, ट्लिंगिट समाजाने हाच प्रश्न हाताळला आहे. तेथील निवासी शाळांत मुलांना मातृभाषा बोलण्यास मनाई होती. आज तेथे सामन मासा, हेरिंगची अंडी, समुद्रशेवाळ यांच्या हंगामांभोवती मुलांचे भाषाशिक्षण गुंफले जाते. त्यांची भाषा पूर्वी रशियन मिशनऱ्यांनी सिरिलिक लिपीत लिहिली. आज ती रोमन अक्षरांत, काही अक्षरांखाली रेघ देऊन, लिहिली जाते. लिपी उसनी आहे म्हणून ती भाषा ट्लिंगिट राहिली नाही, असे कोणी म्हणत नाही.

११/ येथे माझे मत स्पष्ट मांडतो. ‘आधी गोंडीची एक लिपी ठरू द्या, मग पुस्तके काढू’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. तो ऐकायला शास्त्रीय वाटतो, पण त्याचा परिणाम एवढाच होतो की आणखी एक पिढी गोंडी न वाचताच मोठी होते. महाराष्ट्रात पहिले वाचन देवनागरीत सुरू करावे, कारण मराठीसाठी ती मुलांना लागणारच आहे. मसराम आणि गुंजाळा लिप्या त्यापाठोपाठ सन्मानाने शिकवाव्यात. कोणती लिपी पुढे रुजेल, हे वाचणारी आणि लिहिणारी पिढीच ठरवील.

१२/ आणि त्या पहिल्या पुस्तकाची अनुक्रमणिका हंगामाने ठरावी. चैत्रात मोह, मग चार आणि टेंभरे, पावसाळ्यात वास्ते आणि सात्या, नंतर कोदो-कुटकी. प्रत्येक पाठात एक अन्न, ते मिळण्याची जागा, वेचण्याचा नियम आणि घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकून लिहून आणायची एक गोष्ट. अशा वेळी शाळेची पायरी कधी न चढलेली आजी वर्गाची शिक्षिका होते. ‘पालकांचा सहभाग’ हे शब्द परिपत्रकात शोभतात, त्यांना अर्थ येतो तो येथे.

१३/ हे स्वप्नरंजन नाही. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली : पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल. त्याच तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून देशाला वाट दाखवली होती. मोहगावच्या शाळेला मात्र मान्यता नसल्याच्या कारणावरून २०२२ मध्ये नोटीस आली आणि ग्रामसभेला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावे लागले.

१४/ राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०-अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास राज्यांना सांगतो. शिक्षण हक्क कायदाही शक्य तेथे मातृभाषेचाच पुरस्कार करतो. असे असताना, जे काम शासनाने करायला हवे होते ते एका ग्रामसभेने केले, तर तिला मान्यतेची वाट दाखवायची की नोटीस? आपल्याच शहरातील न्यायालयात हा प्रश्न उभा राहिला, याची दखल नागपूरच्या इतिहासप्रेमींनी तरी घ्यायला हवी.

१५/ काही जण विचारतील, गोंडी शिकून नोकरी मिळते का? पहिलीच्या मुलाला कोणत्याच भाषेने नोकरी मिळत नसते. त्याला समजलेल्या भाषेत वाचता आले, तर पुढे मराठी आणि इंग्रजीही नीट वाचता येते. मराठी माध्यमाच्या बाजूने आपण हाच युक्तिवाद पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. तोच गोंडीला लागू करताना आपली जीभ अडखळत असेल, तर दोष त्या युक्तिवादाचा नाही.

१६/ शेवटी एक विनंती. आपल्या घरी किंवा गावी मोहाचा कोणता पदार्थ होत असेल, तर त्याचे नाव, गाव आणि ते नाव ज्या भाषेतील आहे ती भाषा, एवढे खाली लिहा. गोंडी, माडिया, कोलामी, हलबी, कोणतीही चालेल. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहिलेत तर अधिक चांगले. आलेली नावे जिल्हावार लावून मी पुढील धाग्यात देईन.