धूर एकाचा, खोकला दुसऱ्याला

जागतिक तापमानवाढीचा विषय चार माणसांत निघाला की बोलणे कोणत्या वळणाने जाईल, हे मी आता आधीच सांगू शकतो. पहिला म्हणतो, 'हवामान पूर्वीही बदलतच होते की!' दुसरा म्हणतो, 'बदलते आहे हे खरे. पण तो अमेरिका-युरोपचा पराक्रम. आपण काय कोणाचे घोडे मारले आहे?' तिसरा म्हणतो, 'दोष कोणाचाही असो, आपल्या एकट्याच्या करण्याने काय होणार? तो शेजारचा चीन बघा.' चौथा घड्याळाकडे पाहतो. मग चहा येतो आणि विषय क्रिकेटकडे वळतो.

या तिन्ही बोलण्यांत तथ्याचा अंश आहे, म्हणून तर ती इतकी वर्षे टिकून आहेत. घोटाळा होतो तो ती एकमेकांत कालवल्यामुळे. पहिला प्रश्न विज्ञानाचा आहे, दुसरा न्यायाचा आणि तिसरा व्यवहाराचा. एकाचे उत्तर देऊ लागावे, तर समोरचा दुसऱ्यावर उडी मारतो. दुसऱ्याकडे वळावे, तर तो तिसऱ्यावर जाऊन बसलेला असतो. निर्णय तेवढा लांबणीवर पडतो. मोठमोठ्या आंतरराष्ट्रीय परिषदांतही गेली तीसेक वर्षे याहून फार वेगळे घडलेले नाही. तिथली भाषा तेवढी अधिक गुळगुळीत असते. म्हणून आज ही तीन सूते सुटी करून पाहावीत असे मला वाटते.

आधी विज्ञानाचे सूत. कार्बन डायऑक्साइड वायू उष्णता धरून ठेवतो ही बातमी ताजी नाही. जॉन टिंडाल या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत हे दाखवले ते १८५९ मध्ये, म्हणजे आपल्याकडे सत्तावनच्या उठावाचा धुरळा नुकता खाली बसत होता तेव्हा. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियसने हाताने आकडेमोड करून सांगितले, की हवेतला हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. आजचे शास्त्रज्ञ हा आकडा तीन अंशांच्या आसपास धरतात. दिशा मात्र तीच आहे. हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर १९५८ पासून या वायूचे मोजमाप चालू आहे. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५ भाग होता. आज ४२० च्या वर गेला आहे. यंत्रयुगापूर्वी तो २८० च्या आसपास असे.

सूर्यच अधिक तापला आहे, असेही कोणी म्हणतात. तसे असते तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा गार होतो आहे. अंगावर गोधडी घेतली की हेच होते. ऊब आत राहते, बाहेर जात नाही. २०२४ हे वर्ष यंत्रयुगापूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंश सेल्सिअसने अधिक उष्ण ठरले. दीड अंश म्हणजे असे काय मोठे, असे वाटेल. माणसाच्या अंगात तेवढा ताप वाढला तर थर्मामीटर एकशे एकच्या पुढे जातो आणि घरचे लोक डॉक्टरकडे निघतात.

याचा अर्थ शंका घेऊच नये, असा नाही. शंका घेणे हा विज्ञानाचा प्राण आहे, आणि आपल्या देशाने घेतलेल्या दोन शंका तर आठवणीत ठेवण्याजोग्या आहेत. हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीने, म्हणजे 'आयपीसीसी'ने, २००७ च्या अहवालात लिहिले होते, की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतील. हे विधान पटण्याजोगे नव्हते. २००९ मध्ये आपल्या पर्यावरण मंत्रालयाने भूशास्त्रज्ञ व्ही. के. रैना यांचे टिपण प्रसिद्ध केले, त्यावरून मोठे वादळ उठले, आणि जानेवारी २०१० मध्ये समितीने ती चूक मान्य केली. तेव्हापासून 'सगळेच थोतांड' म्हणणाऱ्यांना हे उदाहरण फार आवडते. पण चूक होती ती सालाची. हिमनद्या मागे हटत आहेत, हे त्या वादानंतरही तसेच राहिले.

दुसरी शंका भाताच्या खाचरातली. पाणी साचलेल्या भातशेतीतून मिथेन वायू निघतो. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा अंदाज असा होता, की भारतातल्या भातशेतीतून वर्षाला सुमारे पावणेचार कोटी टन मिथेन बाहेर पडतो. म्हणजे पृथ्वी तापवण्याच्या आरोपींत आपला भात पिकवणारा शेतकरीही आला! दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे डॉ. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञ १९९१ मध्ये देशभरच्या शेतांत उतरले आणि त्यांनी प्रत्यक्ष मोजणी केली. आकडा निघाला चाळीस लाख टनांच्या आसपास, म्हणजे अंदाजाच्या जवळजवळ दहावा हिस्सा. आरडाओरडा न करता, मोजून वाद कसा मिटवावा याचा हा धडा आहे. मोजलेल्या आकड्यांवर आपण तेव्हा विश्वास ठेवला, तर आज मौना लोआच्या आकड्यांवरही ठेवला पाहिजे. आपल्या सोयीचे माप खरे आणि गैरसोयीचे खोटे, असे चालत नाही.

आता न्यायाचे सूत. इथे मात्र दुसऱ्या गृहस्थांचे म्हणणे वजनदार आहे. १९९१ मध्ये अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट'तर्फे एक पुस्तिका काढली. गरिबाच्या भातशेतीतून निघणारा वायू आणि श्रीमंताच्या मोटारीतून निघणारा वायू एकाच तराजूत घालता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. एक पोटासाठी आहे, दुसरा चैनीसाठी. पुढच्याच वर्षी रिओच्या वसुंधरा परिषदेत हे तत्त्व कराराच्या भाषेत आले: जबाबदारी सर्वांची, पण सारखी नाही. आजही भारतात माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत सुमारे चौदा टन. आजवर इंधने जाळून हवेत सोडलेल्या एकूण वायूचा साधारण पाव हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. तरीही १९९७ मध्ये क्योटो कराराच्या तोंडावर अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध शून्य मतांनी ठराव केला, की विकसनशील देशांना बंधन नसेल तर आम्हीही बंधन पत्करू नये. धूर एकाचा आणि खोकला दुसऱ्याला, हे गाऱ्हाणे म्हणूनच खोटे नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत शेवटच्या घटकेला जे घडले त्याचे मूळ इथेच आहे. मसुद्यात कोळशाची वीज 'टप्प्याटप्प्याने बंद' करावी असे होते. भारताचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी ते 'टप्प्याटप्प्याने कमी' करावी असे करून घेतले. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांना व्यासपीठावर भरून आले आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी भारताला खलनायक ठरवले. थोडक्या लोकांनी हे लक्षात घेतले, की 'कमी करण्या'चाच शब्द काही दिवसांपूर्वी अमेरिका आणि चीन यांच्या संयुक्त निवेदनात होता. आणि ज्या वाक्यावरून हा गहजब झाला, त्यात बंद करण्याची भाषा होती ती फक्त कोळशाच्या विजेची. तेल आणि नैसर्गिक वायू त्यात नव्हते. ज्यांच्याकडे तेल आणि वायू भरपूर, त्यांनी ज्याच्याकडे फक्त कोळसा आहे त्याला संयमाचे प्रवचन द्यावे, हे कोणालाही खटकणारच.

इथवर आपली बाजू भक्कम आहे. पण खरी कसोटी इथूनच सुरू होते, आणि तिच्याबद्दल आपण फारसे बोलत नाही. 'माणशी दोन टन' ही सरासरी आहे. एका बाजूला गडचिरोलीच्या पाड्यावरची, दोन दिव्यांत घर चालवणारी बाई आणि दुसऱ्या बाजूला प्रत्येक खोलीत वातानुकूलन यंत्र, दारात दोन मोटारी आणि वर्षातून एकदा परदेशवारी करणारे कुटुंब, या दोघांना मिळवून भागाकार केला की ते दोन टन निघतात. पहिलीच्या वाट्याला आलेला संयम दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतो. २००७ मध्ये 'ग्रीनपीस'च्या भारतीय शाखेने आपल्या अहवालाला 'गरिबांच्या आड लपणे' अशा अर्थाचे नाव दिले होते, तेव्हा पुष्कळांना राग आला. त्या संस्थेशी सगळ्याच बाबतींत मतैक्य असण्याचे कारण नाही, पण मुद्दा बिनतोड होता. न्यायाचे जे तत्त्व आपण वॉशिंग्टनला ऐकवतो, ते मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींनाही लागू आहे.

राहिले व्यवहाराचे सूत. 'आपल्या एकट्याच्या करण्याने काय होणार?' याला माझे उत्तर ओझोनचे आहे. वातावरणातला ओझोनचा थर विरळ होऊ लागला तेव्हा शीतकपाटांत वापरल्या जाणाऱ्या रसायनांवर बंदी घालण्यासाठी १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला. भारताने लगेच सही केली नाही. पर्यायी तंत्रज्ञान महाग, त्याचा खर्च आम्ही का सोसावा, असा आपला सवाल होता. १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत विकसनशील देशांसाठी स्वतंत्र निधी उभारण्याचे ठरले, आणि १९९२ मध्ये भारत करारात सामील झाला. आज तो थर हळूहळू सावरतो आहे. म्हणजे भांडण झाले, पण ते नेमके झाले: पैसे कोण देणार आणि किती? उलट २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत विकसनशील देशांची गरज वर्षाला १,३०० अब्ज डॉलरची मांडली गेली असताना श्रीमंत देशांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याची तयारी दाखवली, आणि भारताने तिथेच जाहीर नाराजी व्यक्त केली. २०२५ च्या जानेवारीत तर अमेरिकेच्या अध्यक्षांनी पॅरिस करारातून पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश काढला.

पण कोणी वाकडे वागतो म्हणून आपण थांबणे आपल्यालाच परवडणारे नाही. तापमान वाढले तर आधी होरपळतो तो उन्हात काम करणारा माणूस, आणि असे लोक अमेरिकेपेक्षा आपल्याकडे जास्त आहेत. चंद्रपूरकडे पाहा. २,९२० मेगावॅट क्षमतेचे कोळशाचे वीजकेंद्र तिथे आहे, आणि उन्हाळ्यात देशातल्या सर्वाधिक तापमानाच्या गावांतही चंद्रपूरचे नाव असते. तिथल्या खाणकामगाराला 'कोळसा बंद' एवढेच सांगून भागणार नाही. त्याच्या मुलाला उद्या कोणते काम मिळेल तेही सांगावे लागेल. बरे, कोळसा नको तर अणुवीज? जैतापूरच्या प्रकल्पाविरुद्ध कोकणातले मच्छीमार आणि शेतकरी उभे राहिले, आणि एप्रिल २०११ मध्ये साखरीनाटे इथे गोळीबारात एकाचा जीव गेला. पवनचक्क्या? धुळे जिल्ह्यात साक्रीच्या डोंगरांवर त्या उभारल्या तेव्हा 'आमच्या कसत्या जमिनीचे काय?' असे आदिवासींनी विचारले. म्हणजे प्रत्येक उपाय कोणाच्या तरी अंगणातून जातो, आणि ते अंगण बहुधा गरिबाचे असते.

म्हणून वाद थांबवा, असे मी म्हणत नाही. वाद हवाच, तो योग्य ठिकाणी मात्र हवा. पृथ्वी तापते आहे की नाही, यावर आता वेळ दवडू नये. आपल्या विजेचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग अजूनही कोळशातून येतो, हे खरे. पण वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेत जीवाश्म इंधनाशिवायच्या साधनांचा वाटा २०२५ मध्ये निम्म्यावर पोहोचला, हेही खरे. तेव्हा काहीच होत नाही ही तक्रार टिकत नाही. प्रश्न उरतो तो वाटणीचा: कोणाच्या जमिनीवर, कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या सोयीसाठी?

मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये शहराचा हवामान कृती आराखडा जाहीर केला. असे आराखडे आणखी गावांचे निघतील, निघायलाही हवेत. तुमच्या गावचा निघेल तेव्हा त्यातली चित्रे पाहून तो मिटून ठेवू नका. सावलीची झाडे कोणत्या रस्त्यावर लागणार, नाल्याकाठची कोणती वस्ती उठणार आणि तिला पर्यायी जागा कुठे मिळणार, बस वाढणार की उड्डाणपूल, उन्हाळ्यात बांधकामावरच्या मजुराला दुपारची सुट्टी मिळणार की नाही, हे नगरसेवकाला विचारा. उत्तरावर भांडा, पुन्हा विचारा. ग्लासगोत आपण जो न्याय मागितला, तो आपल्या वॉर्डात देता आला तरच पुढच्या परिषदेत आपला आवाज चढलेला शोभेल.