सहलीचा वेग धाकट्याने ठरवावा

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाली की मराठीच्या तासाला एक निबंध ठरलेला असतो, 'मी सुट्टीत केलेली सहल'. वह्यांचा गठ्ठा तपासताना एक गोष्ट हमखास दिसते. जी मुलं आठ दिवसांत दहा ठिकाणं बघून येतात, त्यांचा निबंध म्हणजे नुसती यादी असते. मग आम्ही इथे गेलो, मग जेवलो, मग फोटो काढले, मग परत गाडीत बसलो. आणि जे मूल एकाच गावात चार दिवस राहिलेलं असतं, ते घरमालकाच्या बकरीवर दीड पान लिहितं. गुण कोणाला जास्त पडतात ते सांगायला नको!

पालकहो, हे सांगायचं कारण म्हणजे अलीकडे महाबळेश्वर-माथेरानच्या जागी लेह, स्पिती अशी नावं ऐकू येऊ लागली आहेत. "बाई, मेमध्ये स्पितीला जातोय, मुलं पाच आणि नऊ वर्षांची आहेत, चालेल ना?" असं कोणी विचारलं की मी उलट एकच प्रश्न विचारते. किती दिवस आहेत? उत्तर बहुतेक वेळा "आठ" असं येतं. माझं मत स्पष्ट आहे. लहान मुलांना घेऊन आठ दिवसांत स्पिती करू नये. पंधरा दिवस असतील तर जरूर जावं, आणि सहलीचा वेग घरातल्या सगळ्यात धाकट्याला झेपेल तेवढाच ठेवावा.

यात नुसती दमणूक टाळण्याचा प्रश्न नाही, बरं का. प्रश्न उंचीचा आहे. आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्याचं मुख्य गाव काझा हे साडेतीन हजार मीटरच्याही वर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. तिथल्या हवेतही ऑक्सिजनचं प्रमाण आपल्याइतकंच, सुमारे २१ टक्के असतं, पण हवेचा दाब कमी असल्याने एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रकाठच्या जवळजवळ दोन-तृतीयांशावर येतो. शरीराला याची सवय होते, पण सावकाश. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस चढ न करता थांबावं, असा पर्वतीय वैद्यकातला सर्वमान्य नियम आहे.

आता प्रवासाच्या जाहिराती बघा. मनालीला एक रात्र, सकाळी लवकर निघून अटल बोगद्यातून पलीकडे, साडेचार हजार मीटरवरची कुंझुम खिंड ओलांडायची आणि रात्री काझाला मुक्काम. मनाली साधारण दोन हजार मीटरवर आहे. म्हणजे एका दिवसात मुक्कामाची उंची सोळाशे मीटरने वाढली, अख्खं कळसूबाई एका दिवसात! मोठ्यांचं डोकं दुखतं, ते गोळी घेतात, चहा पितात, कसंबसं निभावतात. तीन वर्षांचं मूल "माझं डोकं दुखतंय" असं सांगत नाही. ते किरकिर करतं, जेवण नको म्हणतं, ओकतं, रात्री झोपत नाही. आणि घाटाचा रस्ता असल्यामुळे आई-वडील म्हणतात, "गाडी लागली असेल." मला सगळ्यात जास्त भीती याच वाक्याची वाटते. गाडी लागलेलं मूल खाली उतरून तास-दोन तास मोकळ्या हवेत बसलं की बहुधा खेळायला लागतं. तसं झालं नाही, तर उंचीचाच त्रास आहे असं धरून चालावं. त्या दिवशी पुढे वर जायचं नाही. त्रास वाढत असेल, मूल सुस्त पडत असेल किंवा बसल्याजागी धाप लागत असेल, तर हॉटेलचे पैसे, बाकीच्यांचा हिरमोड, काही न बघता डॉक्टर गाठायचा आणि खाली उतरायचं. उंची कमी करणं हाच यावरचा खरा उपाय आहे. गोळ्यांचं म्हणाल, तर मोठ्यांसाठी लिहून दिलेली गोळी अर्धी करून मुलाला देण्याचा उद्योग करू नये. निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांना भेटावं, आणि मुलाला सर्दी-खोकला झालेला असेल तर जावं की नाही हेही त्यांनाच विचारावं.

म्हणून माझी पसंती किन्नौरच्या रस्त्याला. मे महिन्यात कुंझुम खिंड बहुतेक वेळा बर्फाने बंदच असते, त्यामुळे आपल्या सुट्टीच्या वेळापत्रकालाही हाच रस्ता सोयीचा. कालका ते सिमला ही ९६ किलोमीटरची छोटी रेल्वे मुलांना फार आवडते, आणि २००८ पासून ती जागतिक वारसा यादीतही आहे. सिमल्यात एक रात्र, सराहनला एक, मग २९०० मीटरच्या पुढच्या कल्पा गावी दोन. समोर किन्नर कैलास, आजूबाजूला सफरचंदाच्या बागा. तिथून नाको गावात जेवायला थांबून थेट ताबोला. नाकोला मुक्काम करण्याचा मोह होतो, पण ते ३६०० मीटरच्या आसपास आहे आणि ताबो पुढे असूनही त्याच्यापेक्षा खाली, ३३०० च्या जवळ. झोपायला ताबोच बरं. हा दिवस मात्र लांबतो, सात-आठ तास गाडीत जातात, हे मान्य करायला हवं. ताबोला दोन रात्री, मग काझाला तीन, आणि त्याच रस्त्याने परत. जाण्यायेण्याचा रेल्वेप्रवास धरला की पंधरा दिवस होतात.

"त्याच रस्त्याने परत? मग नवीन काय बघायचं?" असं घरातलं कोणीतरी म्हणणारच. "एवढा खर्च करून एवढ्या लांब आलो तर चंद्रताल बघूनच जाऊ" हे त्याचं पुढचं वाक्य. पैसे जमवून कुटुंब तीन-चार वर्षांतून एकदा निघतं, त्यामुळे हा हिशोब मला समजतो. पण मुलांना तो लागू होत नाही. परतीच्या वाटेवर ओळखीचं गाव दिसलं, जाताना पाणी देणारी काकू पुन्हा भेटली, याचा त्यांना जो आनंद होतो तो चौथ्या तलावाने होत नाही.

दोन वर्षांच्या बाळाला मी स्वतः नेणार नाही. "एवढंसं पोर, त्याला काय आठवणार" म्हणून नव्हे, तर कुठे दुखतंय ते त्याला सांगता येत नाही म्हणून. मोठं दवाखाना-रुग्णालय गाठायचं तर काझाहून जिल्ह्याचं गाव रेकाँग पिओ सुमारे दोनशे किलोमीटर आहे, तेही डोंगरातल्या रस्त्याने. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांचीही तपासणी आधी करून घ्यावी.

खाण्याचं बघू. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, काझाच्या आसपास ८८ अंशांना, त्यामुळे उघड्या पातेल्यात भात-डाळ नीट शिजत नाही. विज्ञानाच्या पुस्तकातला धडा तिथे ताटात दिसतो! तीन लिटरचा कुकर, मुगाची डाळ, तांदूळ, मेतकूट, नाचणीचं सत्त्व, लिंबाचं लोणचं एवढं बरोबर असलं आणि मुक्कामाच्या घरी चूल वापरायला मिळाली, की निम्मी भांडणं मिटतात. रोख पैसे ठेवा. फोनला सगळीकडे रेंज असेलच असं समजू नका.

आता मुलांसाठी एक काम. चौथी-पाचवीच्या पुढचं मूल असेल तर नियोजन त्याच्याकडे द्या. आलेखाच्या कागदावर आडव्या रेषेवर दिवस, उभ्या रेषेवर मुक्कामाची उंची, असा आलेख त्याला काढायला सांगा. मनालीमार्गे एक आणि किन्नौरमार्गे एक. पहिल्या आलेखात रेघ भिंतीसारखी सरळ वर जाते, दुसऱ्यात जिन्यासारखी. कोणत्या रस्त्याने जायचं यावर मग घरात वाद घालावा लागत नाही, मूलच सांगतं.

ताबोचा मठ इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झाला. त्याच्या मातीच्या भिंतींवर आतून इतकी चित्रं आहेत की त्याला 'हिमालयातलं अजिंठा' म्हणतात. आधी अजिंठा बघितलेल्या मुलांना तिथे तुलना करायला खूप काही सापडेल. आत फोटो काढू देत नाहीत, हे एका परीने बरंच आहे, मुलं बघतात तरी. काझाला दोन रात्री झाल्या आणि सगळ्यांची तब्येत ठीक असली, की एक दिवस लांगझाला जाऊन यावं. या गावाच्या परिसरात समुद्री जीवांचे जीवाश्म सापडतात, कारण हिमालय उभा राहण्याआधी इथे टेथिस समुद्र होता. भूगोलात हे वाक्य पाठ करणाऱ्या मुलाने तो दगड बघितला की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. दगड मात्र उचलून आणायचे नाहीत. रात्री झोपायला खाली काझालाच यायचं.

त्याच वाटेवर हिक्किमचं टपाल कार्यालय लागतं, सुमारे ४४०० मीटरवर. मुलांना तिथून स्वतःच्या घरी आणि वर्गशिक्षकांना एकेक पोस्टकार्ड लिहू द्या. पत्ता पिनकोडसह घरूनच पाठ करून न्यावा, कारण बऱ्याच मुलांना तो येत नाही. टपाल पोचायला वेळ लागतो, तेव्हा जूनच्या मध्यापर्यंत वाट बघायची तयारी ठेवा.