पिकवणाऱ्याचा बाजार की सातबाऱ्याचा?

पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक या शहरांतील गृहसंकुलांच्या दारात आठवड्यातून एक दिवस मंडप पडतो आणि 'शेतकरी ते थेट ग्राहक' असा फलक लागतो, हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. दलाल नाही, अडत नाही, ताजा माल, शेतकऱ्याला चार पैसे जास्त आणि ग्राहकाला चार पैसे स्वस्त, असे त्याचे गुणगान वर्तमानपत्रांतून नित्य वाचायला मिळते. ते खोटे आहे असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. परंतु या देशात 'शेतकरी' हा शब्द उच्चारला की त्यात कोण धरला जातो आणि कोण वगळला जातो, हा प्रश्न आंबेडकरी चळवळीने विचारायचा नाही तर कोणी विचारायचा?

शेतकरी बाजाराची कल्पना सरकारी पातळीवर आली त्याला आता बराच काळ लोटला. पंजाब-चंदीगडमध्ये १९८७ साली 'अपनी मंडी' सुरू झाली. आंध्र प्रदेशात २६ जानेवारी १९९९ पासून 'रयतु बाजार' उभे राहिले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तामिळनाडूत मदुराईला पहिला 'उळवर संतै' भरला. महाराष्ट्राला जाग यायला २०१६ साल उजाडले. त्या वर्षीच्या जुलैत राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला, अडत शेतकऱ्याकडून नव्हे तर खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले, व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. पुढे ऑगस्टमध्ये थेट विधानभवनाच्या आवारात शेतकऱ्यांचा आठवडी बाजार भरवला गेला. पणन मंडळाच्या या अभियानाला संत सावता माळी यांचे नाव देण्यात आले. नाव सुंदर आहे. कांदा-मुळा-भाजीत विठ्ठल पाहणाऱ्या श्रमकरी संताचे नाव द्यायचे तर श्रम करणारा हाच निकष ठेवायला हवा होता, तो ठेवला गेला का हे पुढे पाहू.

या बाजारामागचे अर्थकारण आधी समजून घेतले पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील अभ्यासानुसार ग्राहक टोमॅटोसाठी जो रुपया मोजतो त्यातील सुमारे ३३ पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात, कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७. उरलेले दोन तृतीयांश वाहतूक, नासाडी, हमाली, तोलाई, अडत, घाऊक आणि किरकोळ नफा यांत जातात. शेतकरी स्वतः ओट्यावर बसला तर या दोन तृतीयांशातील मोठा हिस्सा त्याच्याकडे वळतो. आंध्रच्या रयतु बाजारात तर रोजचा भाव समिती ठरवते, घाऊक भावापेक्षा वर आणि किरकोळ भावापेक्षा खाली, म्हणजे दोघांचाही लाभ. त्याशिवाय रोख पैसा हातात येतो. बाजार समितीतल्या पट्टीची वाट पाहावी लागत नाही, उचल घेतलेल्या अडत्याला माल बांधलेला राहत नाही. दहा गुंठ्यांत मेथी, कोथिंबीर, वांगी लावणाऱ्या कुटुंबाला आठवड्याचा रोख पैसा म्हणजे सावकाराच्या दारातून सुटका होय.

पण मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. कापूस, सोयाबीन, तूर, ऊस या मंडपात विकता येत नाहीत. विदर्भ-मराठवाड्यातील आपला कोरडवाहू शेतकरी हीच पिके घेतो. तेव्हा शेतकरी बाजार भरले म्हणजे शेतीप्रश्न सुटला, हमीभावाची गरज उरली नाही, असे जे सुटाबुटातले अर्थतज्ज्ञ सुचवतात ती शुद्ध दिशाभूल आहे. केंद्राने २०२० साली तीन कृषी कायदे आणून याच सुरात 'बाजार मोकळा' केला होता. २०२१ च्या अखेरीस ते कायदे मागे घ्यावे लागले.

म्हणून आपण बाजार समित्यांसाठी अश्रू ढाळावेत काय? मुळीच नाही. महाराष्ट्राच्या १९६३ च्या पणन कायद्यातील कलम १३ काढून पाहावे. समितीवर निवडून जाणारे अठरा सभासद, त्यांपैकी पंधरा शेतकरी, दोन व्यापारी-अडते आणि एक हमाल-तोलारी. पंधरापैकी अकरा जण सोसायट्यांच्या संचालकांनी निवडायचे आणि चार ग्रामपंचायत सदस्यांनी. अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती या दोघांना मिळून राखीव जागा एक! म्हणजे ज्या संस्थेत तालुक्याच्या शेतमालाचा सगळा पैसा फिरतो, तिच्यात आमच्या वाट्याला एक खुर्ची आणि तीही अर्धी. २०१७ साली शेतकऱ्यांना थेट मताधिकार देण्याची दुरुस्ती झाली, पण अट घातली किमान दहा गुंठे जमिनीची. २०२० साली तीही दुरुस्ती रद्द झाली. दोन्ही वेळा भूमिहीनाचा विचार कोणी केला नाही.

मात्र त्या जुन्या यार्डात एक गोष्ट कष्टकऱ्यांनी झगडून मिळवली होती, तिचा उल्लेख केलाच पाहिजे. १९६९ चा माथाडी कायदा. पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाला मंडळ, मजुरीचे दर, भविष्य निर्वाह निधी मिळाला तो या कायद्याने आणि पुण्यात बाबा आढावांनी उभ्या केलेल्या हमाल पंचायतीसारख्या संघटनांच्या बळावर. 'मधली साखळी तोडा' अशी घोषणा देणाऱ्यांना विचारावेसे वाटते, या साखळीत हमालही येतो का? आणि डोक्यावर पाटी घेऊन गल्लोगल्ली हिंडणारी भाजीवाली? ती दलाल नव्हे. पहाटे तीनला उठून घाऊक बाजारातून माल आणणारी, पोलिसाची आणि पालिकेच्या गाडीची धास्ती घेऊन बसणारी ही बाई बहुधा आपल्याच वस्तीतली असते. तिच्या ओट्यासमोरच दर रविवारी मंडप टाकून तिचा धंदा बसवायचा आणि त्याला शेतकरी कल्याण म्हणायचे, हे चालणार नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना योग्य प्रतिनिधित्व असावे असे सांगितले आहे. मंडप कुठे पडावा हे त्या समितीपुढे यायला हवे.

महात्मा फुल्यांनी अशा वेळी काय केले होते? पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी नव्या मंडईच्या इमारतीवर पैसा उधळण्यास विरोध केला होता, तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर लावा असे त्यांचे म्हणणे होते. शेतकऱ्यांची कैफियत मांडणाराच मंडईला विरोध करतो, कारण इमारत कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या सोयीसाठी, हे तो पाहतो. १८८६ साली लॉर्ड रे यांच्या नावाने उघडलेल्या त्याच मंडईला पुढे फुल्यांचे नाव दिले गेले. आपल्याकडे हे असेच होते.

आता मूळ मुद्दा. शेतकरी कोण? १९६३ च्या कायद्यातील व्याख्या पाहिली तर शेतकरी म्हणजे जो स्वतः, मजुरांकरवी किंवा अन्य प्रकारे शेतमाल पिकवण्याच्या कामात आहे तो. व्यापारी व दलाल वगळून. या व्याख्येत जमिनीच्या मालकीचा शब्द नाही. कायदा विचारतो, पिकवतोस का? पण बाजाराच्या टेबलावर बसलेला माणूस विचारतो, सातबारा कुठे आहे? कायदा आणि टेबल यांच्यामधल्या या दोन हात अंतरात आपला समाज पडून राहतो. आता तर १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे आणि तो क्रमांक जमिनीच्या अभिलेखाला जोडलेला आहे. ज्याच्या नावावर जमीन नाही तो संगणकाच्या लेखी शेतकरीच नाही.

किती जण असे आहेत? २०११ च्या जनगणनेनुसार देशातील अनुसूचित जातींच्या कामकऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के शेतमजूर होते आणि स्वतःची शेती करणारे जेमतेम १५ टक्के. २०१५-१६ च्या कृषी गणनेत लोकसंख्येच्या साडेसोळा टक्के असलेल्या या समाजाकडे देशातील वहितीखालील क्षेत्राच्या अवघे साडेआठ टक्के क्षेत्र दिसते. सरासरी धारणा ०.७८ हेक्टर, तर सर्वांची मिळून १.०८ हेक्टर. स्त्रियांच्या नावावर असलेल्या वहिती सुमारे १४ टक्के. राबणाऱ्या हातांत मात्र त्यांचा वाटा याहून कितीतरी मोठा.

मराठवाड्यातील एका तालुक्यातली पक्षकार भगिनी प्रस्तुत लेखकाकडे गायरानाच्या प्रकरणात येत असे. तिचे कुटुंब पस्तीस वर्षांहून अधिक काळ दोन एकर गायरान कसते. गवार, भेंडी, दोडका काढते. जवळच्या शहरातील शेतकरी बाजारात तिला जागा नाकारली गेली, कारण सातबारा नाही. तिच्याकडे काय आहे? गाव नमुना १-ई मधील नोंद आणि तलाठ्याने केलेल्या दंडाच्या पावत्या. ती पिकवते याचा सरकारी पुरावा म्हणजे ती पिकवते म्हणून सरकारने केलेला दंड! दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, तुरुंग भरले. त्या रेट्यातून आणि पुढच्या लढ्यांतून २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला, १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरील शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचा. तो निर्णय किती फायलींत धूळ खात आहे हे तालुक्याला जाऊन पाहावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंग निकालाचा आधार घेऊन गायराने मोकळी करायची भाषा होते. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद नमूद आहे, तो भाग कोणी वाचून दाखवत नाही.

आता जागा मिळाली असे धरू. माल कोण घेणार? घनश्याम शहा, सुखदेव थोरात प्रभृतींनी ११ राज्यांतील ५६५ गावांत केलेली अस्पृश्यतेची पाहणी २००६ साली ग्रंथरूपाने आली. सुमारे ३५ टक्के गावांत दलितांना स्थानिक बाजारात माल विकता येत नव्हता आणि जिथे दूध संस्था आहेत अशा गावांपैकी निम्म्याच्या आसपास गावांत त्यांचे दूध घेतले जात नव्हते. म्हणून तो माल दूरच्या शहरात जातो, जिथे विक्रेत्याची जात कोणी विचारत नाही. खेडे सोडा असे बाबासाहेब सांगत, त्यातले मर्म भाजीच्या पाटीलाही लागू पडते. शहरी शेतकरी बाजाराचा आपल्याला खरा फायदा हाच होता, गर्दीत नाव नसणे. पण आता नवी टूम निघाली आहे. 'आपला शेतकरी ओळखा' म्हणत गाळ्यावर शेतकऱ्याचे नाव, आडनाव, गाव, फोटो लावायचा. हेतू चांगला असेल. पण या देशात आडनाव म्हणजे काय हे गृहसंकुलातल्या ग्राहकाला चांगले कळते.

यावर कायद्याचा इलाज आहे का? घटनेच्या कलम १५(२) ने दुकानात जाण्याचा हक्क दिला, पण तो मुख्यतः ग्राहक म्हणून. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ॲट्रॉसिटी कायद्यात व्यवसाय-व्यापार करण्यास अटकाव आणि आर्थिक बहिष्कार हे गुन्हे आहेत. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदाही आहे. पण न विकल्या गेलेल्या काकडीचा पंचनामा कोणता फौजदार करणार? 'आज काकडी नको होती' म्हटले की संपले. बहिष्काराचा ठराव सिद्ध करता येतो, नाक मुरडणे सिद्ध करता येत नाही.

इथे राजर्षी शाहूंचे उदाहरण उपयोगी पडते. गंगाराम कांबळे यांना त्यांनी कोल्हापुरात हॉटेल काढून दिले आणि तेवढ्यावर न थांबता स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेतला, बरोबरच्या सरदारांनाही पाजला. राज्यकर्ता पहिला गिऱ्हाईक झाला. आजच्या राज्यकर्त्यांना हे करणे अवघड नाही. सामाजिक न्याय विभागाची वसतिगृहे, निवासी शाळा, अंगणवाड्या, सरकारी रुग्णालये, तुरुंग रोज क्विंटलने भाजीपाला घेतात. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी ४ टक्के खरेदी राखून ठेवलेली आहे. तोच न्याय भाजीला का नको? वसतिगृहाचा ठेकेदार कोणाचा नातेवाईक असतो हे विद्यार्थ्यांना पाठ असते, म्हणून नको.

तोवर तालुक्यातालुक्यांतल्या कार्यकर्त्यांनी एक काम हाती घ्यावे. आपल्या शहरात पणन मंडळाच्या किंवा नगरपालिकेच्या आधाराने भरणारा प्रत्येक शेतकरी बाजार, त्याचा आयोजक गट किंवा कंपनी, गाळाधारकांची संख्या, त्यांतील अनुसूचित जाती-जमातीचे व महिला किती, आणि गाळा देण्यासाठी सातबारा मागण्याचा आधार कोणता लेखी आदेश आहे, एवढे चार प्रश्न माहिती अधिकारात विचारावेत. तीस दिवसांत उत्तर बंधनकारक आहे. लेखी आदेश नसेल, तर १९६३ च्या कायद्यातील व्याख्या जोडून, १-ईचा उतारा, बटाईचा कागद किंवा ग्रामसभेचा दाखला घेऊन पिकवणाऱ्यालाच अर्जदार करावे. नकार तोंडी देऊ दिला जाऊ नये, लेखी मागावा. तो कागद हातात आला की न्यायालयात जाता येते.