ट्वीन का घालायचं, हे कुणी विचारतच नाही

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलमधल्या एका ओळीवर माझा राग आहे. ‘पाण्यात थोडं ट्वीन 80 घाला, मग बुरशीचे बीजाणू मिसळा.’ ट्वीन हे साबणासारखं काम करणारं द्रव्य. मुलं ते घालतात, मिसळतात, जर्नलमध्ये लिहितात आणि सही घेऊन मोकळी होतात. का घातलं, हे जर्नलही विचारत नाही आणि तोंडी परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षकही नाही. बुरशीबद्दल शिकवण्यासारखी सर्वांत सुंदर गोष्ट याच प्रश्नात आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचे अभ्यासक्रम पुन्हा लिहिले जात असताना ती बाहेर राहता कामा नये.

मी वर्गात ट्वीनची बाटली आधी कपाटातच ठेवते. अ‍ॅस्परजिलस नायजरची काळीभोर वाढ असलेल्या नळीत नुसतं निर्जंतुक पाणी सोडायला सांगते. बीजाणू श्वासात जाऊ नयेत म्हणून अर्थातच बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये. पाणी वाढीला भिजवतच नाही. थेंब गोल होऊन घरंगळतात, सुटलेले बीजाणू वर तरंगत राहतात. नळी हलवली तरी बरेचसे पुन्हा वरच येतात. इथे मुलं पहिल्यांदा स्वतःहून ‘असं का?’ विचारतात.

त्या बीजाणूंवर हायड्रोफोबिन नावाच्या, पाण्याला दूर ठेवणाऱ्या प्रथिनाचं अस्तर असतं, म्हणून ट्वीन घालावं लागतं. हे नाव 1991 साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठातल्या जोसेफ वेसल्स यांच्या गटाने दिलं. त्यांची बुरशी होती शिझोफायलम कम्यून. ती आपल्याही ओळखीची आहे. पावसाळ्यात आंब्याच्या वाळक्या फांदीवर, सरपणाच्या ओंडक्यावर जे लहान पांढरट, लवदार पंखे दिसतात, ती हीच. पंखा उलटा करून पाहिला तर खालचे पडदे मधोमध चिरलेले असतात.

हे प्रथिन लहानसं, साधारण शंभर अमिनो आम्लांचं. त्यात आठ सिस्टीन ठरावीक क्रमाने येतात आणि गंधकाचे चार बंध बांधतात. पाण्यात विरघळणारी प्रथिनं सहसा आपला पाणी टाळणारा भाग पोटात दडवतात. या बंधांमुळे हायड्रोफोबिनचा तसला एक भाग बाहेरच उघडा राहतो. असा रेणू पाणी आणि हवा भेटतात त्या सीमेवर पोचला की एक अंग पाण्याकडे, दुसरं हवेकडे करून स्थिरावतो. त्याच्याशेजारी दुसरा येतो, मग तिसरा. शिझोफायलमच्या एससी3 या हायड्रोफोबिनचे रेणू असे जुळत दहाएक नॅनोमीटर रुंदीचे दांडके होतात आणि दांडक्यांचा पापुद्रा. विकर नाही, ऊर्जा पुरवणारा रेणू नाही, साचा नाही. हा पापुद्रा डिटर्जंटमध्ये उकळला तरी टिकतो. तो सोडवायला ट्रायफ्लुरोअ‍ॅसेटिक आम्लासारखं जहाल आम्ल लागतं. आणि आम्ल उडवून प्रथिन पुन्हा पाण्यात घेतलं, त्यातून हवेचे बुडबुडे सोडले, की दांडके परत तयार होतात! जीवशास्त्रात ‘स्वयंजुळणी’ शिकवायला याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

बुरशीला त्याचा उपयोगही मोठा. ओल्यात वाढणाऱ्या तंतूला हवेत डोकं काढायचं तर पाण्याचा पृष्ठताण आड येतो. एससी3 तो मीटरमागे 72 मिलिन्यूटनवरून 24 पर्यंत उतरवतं. हे जनुक निकामी केलेल्या बुरशीचे तंतू पाण्यातच अडकले. शुद्ध प्रथिन बाहेरून घातल्यावर ते हवेत चढले. आपण रोज श्वासातून घेतो त्या अ‍ॅस्परजिलस फ्युमिगॅटसच्या बीजाणूंवरही असंच अस्तर असतं. त्यामुळे आपली रोगप्रतिकारक यंत्रणा त्यांच्याकडे दुर्लक्ष करते, हे 2009 मध्ये दाखवून देण्यात आलं.

‘हे एमएस्सीला शिकतील’ असं सहकारी सांगतात. मला ते अजिबात पटत नाही. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं कोकणातल्या भातशेतीच्या घरांतून येतात. भातावर करपा पाडणारी बुरशी मेणचट पानावर बूड टेकवते, तेव्हा तिला एमपीजी1 नावाचं हायड्रोफोबिन लागतं. त्याचं जनुक काढलं की पान भोसकणारा फुगीर अवयव नीट तयार होत नाही आणि रोगाचा जोर घटतो. ज्यांच्या घरी करप्याची फवारणी होते, त्यांना हे बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी कळायला काय हरकत आहे?

खर्च जवळजवळ नाहीच. नळ्या, वाढ, पाणी हे सगळं प्रयोगशाळेत असतंच. अडचण तासांची सांगितली जाते. सध्या लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूच्या स्लाइडवरून बीजाणुधरांच्या आकृत्या काढण्यात, त्यांना नावं देण्यात आणि त्या छायांकित करण्यात तासच्या तास जातात. अभ्यास मंडळाने त्यातला एक तास कमी करावा, दोन नळ्यांचा (एक नुसत्या पाण्याची, एक ट्वीन घातलेल्या पाण्याची) हा प्रयोग तिथे घालावा आणि त्यावर तोंडी परीक्षेत गुण ठेवावेत.