शंभर नग विकून दाखवा!

आपल्या डिझाइनच्या शाळांवर माझा एक आरोप आहे आणि दिवाळीच्या गोडधोडाच्या दिवसांतही तो मी गिळून टाकणार नाही. या शाळा मुलांना वस्तू रचायला शिकवतात, विकायला शिकवत नाहीत. एवढेच असते तर मी गप्प बसलो असतो. पण विकणे हे आपले कामच नव्हे, असा एक सोवळेपणा त्या मुलांच्या अंगी बाणवतात. माझे भांडण आहे ते या सोवळ्याशी.

इंडस्ट्रियल डिझाइन म्हणजे काय, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी आज आपल्याच स्वयंपाकघरात डोकवावे. दट्ट्या दाबून दाबून तळहात लाल करणारा चकलीचा सोऱ्या आणि मळसूत्राची मूठ फिरवली की अलगद चकली पाडणारा सोऱ्या, दोन्हींत भाजणी तीच असते. फरक असतो तो कोणीतरी केलेल्या विचाराचा. पण वाचकहो, तो विचार तुमच्या घरी पोहोचला, तो कोणीतरी सोऱ्या घडवून, किंमत ठरवून बाजारात मांडला म्हणून. नुसत्या कागदावरच्या सोऱ्याने कोणाच्या घरी चकल्या झालेल्या नाहीत.

मध्यंतरी एका संस्थेतील विद्यार्थ्यांचे प्रदर्शन पाहायला गेलो होतो. एका मुलीने ओट्याच्या कडेला घट्ट बसणारी विळी केली होती. गुडघे दुखणाऱ्या बाईला जमिनीवर बसायला नको, आणि काम झाले की पाते आपोआप झाकले जाई. मी खूश होऊन विचारले, "केवढ्याला द्याल?"

"काका, हे मॉडेल आहे. विकायचे नाही."

"पण करायला खर्च किती येईल?"

"ते आम्हाला विचारले नव्हते," ती म्हणाली.

तिला उत्तम गुण मिळाले. पुढे तिला एका मोठ्या कंपनीत मोबाइलच्या पडद्यावरची बटणे आखण्याची नोकरी लागली. ती नोकरी वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण ती विळी संस्थेच्या कपाटात गेली आणि महाराष्ट्रातल्या आज्या अजून जमिनीवरच बसतात, हे मला सहन होत नाही.

गंमत अशी की, ज्या कागदावर आपल्या डिझाइन-शिक्षणाचा पाया घातला गेला, त्यात हा सोवळेपणा मुळीच नाही. भारत सरकारच्या निमंत्रणावरून अमेरिकेचे चार्ल्स आणि रे ईम्स हे दांपत्य इथे आले आणि त्यांनी १९५८ साली आपला अहवाल लिहिला. त्यातूनच पुढे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सर्वांत जास्त गौरव केला तो आपल्या साध्या लोट्याचा. पण लोटा हातात कसा बसतो, पाणी कसे ओतले जाते, एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्याला खर्च किती येतो, मोडीत त्याचे काय येते, हेही प्रश्न त्यांनी त्याच यादीत घातले. आम्ही लोट्याचा आकार तेवढा उचलला आणि हिशेब विसरलो!

आणि परदेशी साक्षीदार तरी कशाला हवेत? लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. रंगांची पारख नीट होईना म्हणून चित्रकला सुटली, पण यंत्रांचे रेखाटन हाताशी राहिले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. तिथेच राहिले असते तर शेकडो सुबक आराखडे काढून पेन्शनीत निघाले असते. ते बाहेर पडले, बेळगावात सायकली विकल्या, कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत. नांगर पडून राहिले, पण लक्ष्मणराव हटले नाहीत. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली ती त्या नांगराच्या आराखड्यावर नव्हे, नांगराच्या खपावर.

आता काही जण म्हणतील, "अहो, हल्ली संस्थांतून उद्योजकतेचे कक्ष निघाले आहेत, स्पर्धा होतात, बक्षिसे मिळतात." होतात खऱ्या! पण तिथे मुले कल्पनेची चित्रे पडद्यावर दाखवतात आणि टाळ्या घेतात. टाळी देणाऱ्याच्या खिशातून काहीच जात नाही. अनोळखी माणूस खिशात हात घालून पैसे मोजतो, तेव्हाच वस्तूची खरी परीक्षा होते.

दुसरे म्हणतील, "बाजार शिरला की कला भ्रष्ट होते." पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या भांडी घडवली आणि विकली. त्यांच्या ठोक्याची नक्षी त्यामुळे भ्रष्ट झाली काय? उलट गिऱ्हाईक परत आले की भांड्यातले वैगुण्य कळते. प्रदर्शनातला पाहुणा परत येत नाही.

म्हणून माझी सूचना सरळ आहे. शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने, एकट्याने किंवा दोघातिघांनी मिळून, एका वस्तूचे शंभर नग करून अनोळखी लोकांना विकावेत. हत्यारे आणि थोडे भांडवल संस्थेने उसने द्यावे, नाहीतर हा खेळ फक्त पैसेवाल्यांच्या मुलांचा होईल. परत आलेला नग दुरुस्त करून द्यावा. तोटा आला म्हणून कोणाला नापास करू नये. पण वही नीट ठेवली नाही तर जरूर करावे. किंमत कशी बसवायची हे शिकवायला एखादा लहान कारखानदार वर्गात आणावा. आणि प्रदर्शन भरवण्याआधी नोंदणीचा अर्ज करायला शिकवावे. २००० सालच्या डिझाइन्स अ‍ॅक्टप्रमाणे नोंदलेल्या रचनेला आधी दहा आणि वाढवून पंधरा वर्षे संरक्षण मिळते. पण रचना अगोदरच जगजाहीर झाली असेल तर नोंदणीचा हक्कच जाऊ शकतो. आमची मुले मात्र आधी फोटो झळकवतात आणि कायदा नंतर वाचतात!

सगळी मुले कारखानदार होणार नाहीत, व्हायलाही नकोत. पण ज्याने शंभर नग विकले आहेत तो नोकरीत गेला तरी त्याच्या रेघेला वजन येईल.

शेवटी एक शब्द आईबापांना. दोष सगळा शाळांचा नाही. पाडव्याला व्यापाऱ्यांच्या घरी वहीपूजन होते त्याचे आपण कौतुक करतो आणि आपल्या मुलाने "मला वस्तू करून विकायची आहे" म्हटले की तोंडातली करंजी कडू होते. त्याला दोन वर्षे द्या. घरातली एखादी खोली, नाहीतर गॅलरीचा कोपरा द्या. आणि त्याचा पहिला नग फुकट घेऊ नका. किंमत मोजून घ्या आणि काय बिघडले ते त्याला स्पष्ट सांगा.