चित्राखालचे नाव

वर्तमानपत्राच्या कचेरीत छायाचित्रे निवडणारा संपादक वर्गात जाऊन छायाचित्रणाचा इतिहास शिकवू लागला, की ‘धावपळ झेपेना म्हणून मास्तरकी पत्करली’ असे सहज म्हटले जाते. आम्हांला हे मत साफ अमान्य आहे.

फ्रेड रिचिन १९७८ ते १९८२ या काळात ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन’चे छायाचित्र संपादक होते. १९८३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफीत वृत्तछायाचित्रणाचा अभ्यासक्रम उभा केला. त्याच सुमारास, १९८२ मध्ये, ‘नॅशनल जिओग्राफिक’ने मुखपृष्ठाच्या सोयीसाठी संगणकाच्या साहाय्याने इजिप्तचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले होते. संगणक छायाचित्राची साक्षच पोखरील, हा इशारा रिचिन यांनी १९९० मध्ये आपल्या पुस्तकातून दिला. याला माघार म्हणायचे काय?

‘पण नांदेड-लातुरात हा इतिहास कशाला?’ असेही विचारले जाते. उत्तर किल्लारीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत साडेसात हजारांहून अधिक जीव घेतले. ढिगाऱ्यांची, चितांची, पोरक्या मुलांची छायाचित्रे देशोदेशी छापली गेली. अशा चित्रांखाली गावाचे नाव असते, माणसाचे क्वचितच. त्या पहाटे अनाथ झालेले मूल आज तिशी ओलांडून गेले आहे. त्याचे रडणे पुन्हा छापताना त्याला कोण विचारतो? पान सोडण्याच्या घाईत संपादकाला या प्रश्नाशी थांबता येत नाही. वर्गात थांबता येते. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ भूकंपानंतर वर्षभरातच, १९९४ मध्ये, स्थापन झाले. तिथे माध्यमशास्त्र संकुल आहे. त्याच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न परका नव्हे, घरचा आहे.

आणि आपण? स्नानसंस्काराच्या नोंदवहीत बालकाचे, आईवडिलांचे, धर्ममातापित्यांचे नाव लिहिल्याखेरीज आपले धर्मगुरू लेखणी खाली ठेवत नाहीत. परमेश्वर प्रत्येकाला नावाने हाक मारतो, अशी आपली श्रद्धा आहे. मग मदतनिधीच्या पत्रकावर ‘एक गरजू बालक’ एवढ्यावर आपले कसे भागते? नाव छापायचे की झाकायचे, हे त्या माणसाला विचारून ठरवावे. पण ते आपल्याला ठाऊक तरी हवे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. असा शिक्षक आपल्या भागात आला, तर त्याला निवृत्त समजू नका. आपली मुले त्याच्याकडे पाठवा. तोवर घरातला जुना अल्बम उघडा, आणि आजीला आठवते आहे तोच प्रत्येक चित्राच्या पाठीवर नावे लिहून काढा.